तिसरी ते पाचवीला विज्ञान शिकवताना: मुलांनी मिळून शोधायचं कसं? इंदूरच्या नव्या शिक्षकांसाठी

इंदूरमध्ये प्राथमिक शाळेत नव्यानं लागलेले मराठी शिक्षक भेटले की प्रश्न साधारण एकच असतो: "गटात शिकवा, प्रयोगातून शिकवा असं सगळे सांगतात, पण उद्या सकाळी वर्गात जाऊन मी नेमकं करू काय?" प्रशिक्षणात तक्ते दाखवतात, सुंदर शब्द सांगतात. वर्गात मात्र चाळीस मुलं, एक फळा आणि पस्तीस मिनिटांचा तास असतो. ही पद्धत मी प्राथमिकच्या वर्गात वापरत आले आहे. इथे फक्त कामाच्या गोष्टी लिहिते आहे.

पद्धत सोपी आहे. मुलांपुढे एक प्रश्न ठेवायचा. चार-चार मुलांनी मिळून आधी अंदाज करायचा, मग हातानं करून पाहायचं, जे दिसलं ते लिहायचं आणि दुसऱ्या गटाशी ताडून पाहायचं. शिक्षकानं उत्तर सगळ्यात शेवटी सांगायचं, तेही गरज पडली तर.

हे परदेशातून आलेलं खूळ आहे असं स्टाफरूममध्ये कोणी म्हणालं, तर त्यांना होशंगाबादची आठवण करून द्या. इंदूरच्या पूर्वेला, नर्मदेच्या काठावरचं हे गाव, आताचं नर्मदापुरम. तिथे १९७२ साली १६ माध्यमिक शाळांत होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम सुरू झाला आणि १९७८ मध्ये तो सगळ्या जिल्ह्यात गेला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेनं तो पुढे सांभाळला. साध्या सरकारी शाळांत, गावातल्या मुलांनी, गटात बसून प्रयोग केले आणि परीक्षाही पुस्तक उघडं ठेवून दिल्या. २००२ मध्ये सरकारनं तो बंद केला, पण तीस वर्षं तो आपल्याच राज्यात चालला होता. तो सहावी ते आठवीसाठी होता. आपली मुलं लहान आहेत, म्हणून प्रश्न लहान घ्यायचे आणि वेळ जास्त द्यायचा, एवढाच फरक.

१. आधी कागद आणि वेळ जमवा

मुख्याध्यापकांना तोंडी सांगून चालत नाही. एक साधा अर्ज द्या: कोणत्या वर्गाला, कोणत्या धड्यासाठी, आठवड्यातून कोणते दोन तास जोडून हवेत. एका तासात अंदाज, प्रयोग आणि चर्चा बसत नाही. चर्चा उद्यावर गेली की तिचा जीव जातो. म्हणून जोडतास मिळेपर्यंत थांबा, पण तो मिळवाच.

जवळ ठेवायचे कागद:

- पर्यावरणाच्या पुस्तकाची अनुक्रमणिका, ज्यात प्रयोगाला जोडता येतील ते धडे खुणा करून ठेवलेले असतील
- मुख्याध्यापकांच्या सहीचा अर्ज, आणि मैदानाबाहेर जायचं असेल तर पालकांच्या सहीची चिठ्ठी
- कोणाला कशाची अ‍ॅलर्जी, कोणाला दमा, याची यादी (माती आणि फुलांच्या प्रयोगांना ही लागते)
- तुमची स्वतःची एक वही

अनुक्रमणिकेवरच्या खुणा सगळ्यात महत्त्वाच्या. "कोर्स पूर्ण होणार का?" हा प्रश्न पहिल्या महिन्यातच येतो. तेव्हा पान उघडून दाखवता आलं पाहिजे की हा प्रयोग म्हणजे अमुक धडाच आहे.

२. प्रश्न निवडा: सगळं यावर आहे

नव्या शिक्षकाचा सगळा वेळ सामान गोळा करण्यात जातो. तो वेळ प्रश्नावर घालवा.

प्रश्न असा हवा की आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तो स्वतःच्या हातानं, त्याच तासात किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सोडवता येईल. "पाऊस का पडतो?" हा चांगला प्रश्न आहे, पण वर्गात हातानं सुटत नाही. मुलं पाठ केलेलं सांगतात आणि विषय संपतो. "ओला रुमाल कुठे लवकर वाळतो: उन्हात, सावलीत की पंख्याखाली?" हा सुटतो, आणि पावसाच्या धड्याकडेही जातो.

एक युक्ती सांगते. पुस्तकातला "का" घ्या आणि तो "कशात", "किती", "काय केलं तर" यांत बदला. "माती पाणी का धरते?" याचं होतं "काळ्या मातीत जास्त पाणी राहतं की वाळूत?" "झाडाला ऊन का लागतं?" याचं होतं "मेथीचे दाणे अंधारात ठेवले तर काय होईल?" (अंधारातली मेथी उंच, पिवळट आणि लुळी येते. उजेडातलीपेक्षा ती उंच झालेली पाहून मुलं चक्रावतात. ते चक्रावणंच हवं असतं.)

सापळा: ज्याचं उत्तर सगळ्यांना आधीच माहीत आहे असा प्रश्न. "झाडाला पाणी नाही घातलं तर?" असं विचारलं की मुलं जांभया देतात. अंदाज फुटले पाहिजेत, अर्धा वर्ग एकीकडे आणि अर्धा दुसरीकडे. घरी दोन-तीन मुलांना विचारून पाहा. सगळे एकच सांगत असतील तर प्रश्न बदला.

३. सामान

विकतचं किट लागत नाही. एक पत्र्याची पेटी घ्या आणि तीत ठेवा: सहा-सात पारदर्शक बरण्या किंवा कापलेल्या पाण्याच्या बाटल्या, मोजपट्ट्या, दर्जीची टेप, सुतळी, रबरबँड, औषधाच्या बाटलीबरोबर येणारे मापाचे कप, जुनं सुती कापड, दोन भिंगं, मेणबत्ती, टॉर्चचे १.५ व्होल्टचे सेल आणि छोटे बल्ब, जुन्या स्पीकरमधलं चुंबक. बाकी परात, वाट्या, भाज्या, डाळी मुलंच घरून आणतात. आणायला सांगाच. ज्याच्या घरची वाटी प्रयोगात असते तो मुलगा त्या दिवशी लक्ष देतो.

काय आणायचं नाही तेही ठरलेलं हवं. भिंतीतल्या प्लगची वीज कधीही नाही. पाऱ्याचा थर्मामीटर नाही, फुटला तर वर्ग रिकामा करावा लागतो. घड्याळातले चपटे गोल सेल नाहीत, लहान मूल ते गिळू शकतं आणि ते फार धोक्याचं असतं. काडेपेटी फक्त शिक्षकाच्या खिशात. प्रयोगातली कोणतीही वस्तू चाखायची नाही, साखर असली तरी. मातीला हात लावला की साबणानं धुवायचे.

४. गट पाडा आणि कामं वाटा

चार मुलांचा गट. पाच झाले की एक जण खिडकीबाहेर पाहू लागतो. शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक धरला आहे. तुमच्या वर्गात चाळीस-पंचेचाळीस असतील, तर अर्धा वर्ग प्रयोग करेल आणि अर्धा वर्ग निरीक्षणाचं चित्र काढेल, मग अदलाबदल. दहा गट एकदम सांभाळायला जाऊ नका.

प्रत्येक गटात चार कामं: सामान आणणारा, करणारा, मोजून लिहिणारा आणि विचारणारा. विचारणाऱ्याचं काम फक्त "तुला कसं कळलं?" असं गटातल्यांना विचारत राहणं. कामं दर वेळी फिरवा आणि कोणी काय केलं याची नोंद वहीत ठेवा. नोंद नसेल तर दोन गोष्टी हमखास होतात: हुशार म्हणून नाव असलेला मुलगा दर वेळी "करणारा" होतो, आणि मुलींकडे अक्षर चांगलं म्हणून लिहिण्याचं काम जातं. दोन्ही तुम्हालाच मोडावं लागतं.

भाषेचं सांगायलाच हवं. आपल्या इंदुरी वर्गात घरी मराठी बोलणारी मुलं असतात, हिंदीवाली असतात, जवळपासच्या गावांतून आलेली माळवीवाली असतात. गटातलं बोलणं ज्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत होऊ द्या. शुद्ध वाक्य शोधण्यात मुलाचा विचार निसटतो. वहीत लिहिताना मात्र शाळेच्या माध्यमाची भाषा.

५. अंदाज आधी लिहून घ्या, पेननं

पेन्सिलनं नको, मुलं नंतर खोडतात. "मला वाटतं … होईल, कारण …" एवढं एक वाक्य. हे न लिहिता प्रयोग केला तर नंतर प्रत्येक जण म्हणतो, "मला माहीतच होतं." अंदाज चुकला म्हणून गुण कापायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगा आणि पाळा. एकदा जरी कापलेत तर मुलं पुढे शेजाऱ्याचा अंदाज उतरवतात.

६. करू द्या

तरंगणं-बुडणं हा धडा घेऊन दाखवते, कारण सुरुवातीला हाच घ्यावा.

टेबलावर पाण्यानं भरलेली मोठी बादली. शेजारी भरताचं मोठं वांगं, बटाटा, एक द्राक्ष, लिंबू, लोखंडी खिळा. प्रश्न: काय तरंगेल, काय बुडेल? जवळजवळ सगळा वर्ग लिहितो की वांगं बुडेल, कारण ते जड आहे, आणि द्राक्ष तरंगेल, कारण ते हलकं आहे. मग वांगं सोडायचं. ते डुलत वर राहतं. द्राक्ष सरळ तळाला जातं. वर्गात एकदम गलका होतो, तो होऊ द्या.

आता तुम्ही काही सांगायचं नाही. एक-दोन मिनिटांत कोणीतरी म्हणतंच, "बटाटा मोठा आहे म्हणून बुडाला, छोटा तुकडा तरंगेल." कापायला द्या, म्हणजे सुरी तुम्ही चालवा. अर्धा बुडतो. पाव बुडतो. नखाएवढा तुकडाही बुडतो. मुलं आणखी लहान मागतात. मागू द्या, कापत राहा. मग त्याच मुलांना सुचतं की वांग्याचाही तुकडा टाकून पाहू. तो लहान असो की मोठा, तरंगतो. इथपर्यंत आलं की "जड बुडतं, हलकं तरंगतं" हे मुलांनी स्वतःच मोडलेलं असतं. तुम्ही फळ्यावर लिहून ते कधीच मोडलं नसतं.

पुढे कोणाला तरी घरचं भरीत आठवतं: आई वांगं भाजताना टोचे मारते. का? आत हवा असते. मग विचारा, "हवा आहे हे कसं तपासायचं?" वांग्याचा तुकडा पाण्याखाली धरून दाबला की बुडबुडे येतात. बटाटा दाबून येत नाहीत. एवढ्यावर तिसरीचा वर्ग थांबला तरी चालेल. पाचवी असेल तर पाण्यात मीठ विरघळवत जा. पुरेसं मीठ झालं की तोच बटाटा वर येतो, आणि मग प्रश्न फक्त वस्तूचा राहत नाही, पाण्याचाही होतो.

सापळा: प्रत्येक प्रयोग आदल्या दिवशी घरी, त्याच सामानानं करून पाहा. काळ्या मातीचाच घ्या. माळव्याची काळी माती पाणी धरते हे खरं, पण वाळून भेगा पडलेली ढेकळं तशीच बाटलीत भरली तर पाणी भेगांमधून सरळ खाली उतरतं, आणि मुलं लिहितात की काळी माती पाणी धरत नाही. माती कुटून, चाळून, हलकी दाबून भरावी लागते. वाळूही तेवढीच, पाणीही तेवढंच. निथळायला रात्रभर वेळ द्यावा आणि खालचं पाणी दुसऱ्या दिवशी मोजावं.

"तेवढंच" वरून आठवलं: बाकी सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलायची, हे लहान मुलांना समजावणं कठीण जातं असं पुष्कळ जण म्हणतात. नाही जात. एका रुमालाची घडी घातलेली आणि दुसरा पसरलेला असेल, तर विचारा, "हा रडीचा डाव होतोय का?" मैदानावर रडीचा डाव कसा ओळखायचा हे प्रत्येक मुलाला येतं. रुमाल ताबडतोब उलगडला जातो.

७. चर्चेत थांबायला शिका

सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहा, वेगळे आलेलेसुद्धा. वेगळा आकडा पुसू नका. त्या गटाला विचारा, त्यांनी कसं मोजलं. बहुतेक वेळा पट्टी शून्यापासून न धरता टोकापासून धरलेली असते, आणि ते मुलंच शोधून काढतात.

प्रश्न विचारल्यावर गप्प राहा. अमेरिकेत मेरी बड रो या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या आसपास वर्गांतल्या टेप ऐकून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात. ते तीन सेकंद थांबू लागले तेव्हा मुलांची उत्तरं लांब झाली, जास्त मुलं बोलू लागली, आणि एकमेकांच्या बोलण्यावरही बोलू लागली. तीन सेकंद वर्गात फार मोठे वाटतात. मनात सावकाश मोजा.

उत्तर आल्यावर लगेच "शाब्बास" म्हणू नका. म्हटलंत की बाकीचे विचार करणं थांबवतात. "आणखी कोणाला काय वाटतं?" एवढंच. शाब्बासकी चर्चा संपल्यावर, आणि ती नेमक्या गोष्टीला द्या: "तू दोनदा मोजलंस, ते छान केलंस."

तुम्हाला उत्तर येत नाही असा प्रश्न येणारच. तो मोठ्या अक्षरात कागदावर लिहून भिंतीवर लावा, खाली मुलाचं नाव. होशंगाबादच्या कार्यक्रमात मुलं सवालीराम नावाच्या एका काल्पनिक गृहस्थांना पत्रं लिहून वाटेल ते विचारत आणि त्यांना खरोखर उत्तरं जात. वर्गातली प्रश्नांची भिंत तेच काम करते, अट एवढीच की पंधरा दिवसांतून एकदा तिच्यावरचा एक तरी प्रश्न सोडवायला घ्यायचा.

८. मग पुस्तक उघडा

हा टप्पा गाळू नका. प्रयोगानंतर धडा वाचायचा, शब्द शिकवायचे, बाष्पीभवन म्हणजे काय ते नीट सांगायचं. मुलांच्या सगळ्या मतांना सारखंच खरं मानायचं, असा या पद्धतीचा अर्थ नाही. जे तपासून टिकलं ते खरं. परीक्षा जवळ आली की पालक विचारतात, "हे सगळं ठीक, पण अभ्यास कधी?" त्यांना वही दाखवा: अंदाज, आकडे, चित्र, निष्कर्ष, आणि त्याखाली पुस्तकातले प्रश्नोत्तर. एखाद्या शनिवारी आयांना-आज्यांना बोलवून मुलांना त्यांच्यापुढे प्रयोग करू दिला तर ही तक्रार बहुतेक मिटते.

९. एक लांब पल्ल्याचा प्रयोग घ्या: सावली

इंदूरच्या मुलांना हा मिळालाच पाहिजे. मैदानात सपाट जागी १ मीटरची काठी सरळ रोवा. साडेअकरापासून एकपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूनं खूण करायची आणि लांबी लिहायची.

सगळी मुलं सांगतात की सावली बाराला सगळ्यात छोटी होईल. होत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती साधारण बारा वाजून दहा मिनिटांनी सगळ्यात छोटी असते, डिसेंबरअखेर बारा-पंचवीसच्या सुमारास, तर फेब्रुवारीच्या मध्यात पावणेएकला पाच मिनिटं कमी असताना. कारण आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाच्या वेळेवर चालतं आणि इंदूर त्याच्या पश्चिमेला, ७६ च्या जरा अलीकडे आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणून सरासरी सव्वीस मिनिटांचा फरक. महिन्यागणिक होणारा बदल पृथ्वीच्या फिरण्याशी जोडलेला आहे, तो पाचवीला समजावण्याची घाई नको. बाराचा अंदाज मोडला एवढं पुरे.

महिन्यातून एकदा सगळ्यात छोट्या सावलीची लांबी मोजून भिंतीवरच्या तक्त्यात भरा. डिसेंबरच्या २१-२२ ला ती काठीपेक्षा किंचित जास्त, सुमारे १०४ सेंमी येते. २१ मार्चच्या आसपास ४२ सेंमी. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला, उज्जैनच्या बाजूनं जातं, त्यामुळे इंदूरला सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आणि पुन्हा जुलैच्या सुरुवातीला. पहिला दिवस सुट्टीत जातो आणि दुसऱ्याला आभाळ भरलेलं असतं, म्हणून जूनचा दिवस मुलांना घरच्या गच्चीवर पाहायला सांगून ठेवा. सूर्याकडे थेट पाहायचं नाही, ही सूचना प्रत्येक वेळी, पुन्हा पुन्हा.

१०. एक सोबती शोधा

एकट्यानं हे दोन-तीन महिने चालतं, मग कंटाळा येतो. होशंगाबादच्या कार्यक्रमात शिक्षकांच्या दर महिन्याला बैठका होत: कुठे अडलं, कोणता प्रयोग फसला, मुलांनी काय विचारलं. तुमच्या शाळेतला एक, किंवा शेजारच्या शाळेतला एक शिक्षक पुरतो. महिन्यातून एका शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर बसा. येताना पुढच्या महिन्याच्या प्रयोगाचं सामान घेऊन या आणि दोघं मिळून तो करून पाहा. एकमेकांच्या वर्गात एकेक तास मागे बसून फक्त एवढं लिहा: शिक्षक किती वेळ बोलला, मुलं किती वेळ, आणि कोणती मुलं एकदाही बोलली नाहीत. ती यादी पुढच्या वेळी गट पाडताना जवळ ठेवा.